तो गिटार लावत नव्हता

आमच्या सांगलीच्या संगीत मंडळाची स्मरणिका निघते आहे. त्या कामाला लागलेल्या तरुण कार्यकर्त्याचा परवा साताऱ्याला फोन आला. म्हणाला, "सर, तुमच्याकडून एक लेख हवाच. आणि त्यात तो ट्युनिंगवाल्याचा किस्सा पाहिजे. तुमच्यासारखा तो कुणालाच सांगता येत नाही."

हे खरं आहे. तो किस्सा मी फार चांगला सांगत असे. ऑर्केस्ट्रातला एक गिटारवाला आमच्या मैफलीत बसतो, गिटार लावत राहतो, लावतच राहतो, आणि गिटार लागायच्या आत त्याची वेळ संपते. मधल्या जागी मी चेहरा अगदी गंभीर करून खुंटी पिळल्यासारखा हात फिरवायचो. लोक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे.

तर स्मरणिकेसाठी लिहितो. तो गिटार लावत नव्हता. गिटार त्याने आत ग्रीनरूममध्येच लावून घेतली होती, मी शेजारीच होतो. बाहेर तो आमची रचना वाजवत होता. आमची म्हणजे त्याची आणि माझी. ती पुढे सरकली नाही ती माझ्यामुळे.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली, कॅसेटच्या काळातली. मी सांगलीतल्या एका कॉलेजात गणित शिकवत होतो. बायको साताऱ्यात शाळेत होती, तिची बदली होत नव्हती आणि माझी मागायची मला हिंमत नव्हती. मुलं पुण्याला. शनिवारी दुपारी एसटीने साताऱ्याला जायचं, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. मधले दिवस सांगलीत, विश्रामबागेतल्या एका खोलीत काढायचे. खानावळीत लवकर जेवून घ्यायचो, मग कृष्णेवरच्या आयर्विन पुलापर्यंत चालत जायचो, कठड्याला टेकून थोडा वेळ पाणी बघायचो आणि परत यायचो. खोलीत आल्यावर कुणाशी बोलायचं राहिलं आहे असं वाटायचं, पण कुणाशी ते आठवायचं नाही.

खोलीत एक तंबोरा होता. तरुणपणी मी मिरजेला गुरुजींकडे गाणं शिकायला जात असे, तेव्हा तिथल्या तंबोरे करणाऱ्यांकडून घेतलेला. तीन वर्षांनी गुरुजी म्हणाले होते, "तुझा कान चांगला आहे, गळा नाही. उत्तम श्रोता हो." मी श्रोता झालो, मग मंडळाचा चिटणीस झालो. गाणं सुटलं तरी संध्याकाळी गवसणी काढून तंबोरा छेडत बसायची सवय सुटली नाही. गायचं काहीच नसे. नुसता तंबोरा. एकट्या माणसाला ते बरं असतं. पुढे कुणी येणार आहे असं वाटत राहतं.

माझा भाचा अमेरिकेला असे. एका सुट्टीत येताना त्याने काही कॅसेट आणल्या. म्हणाला, "मामा, तुला नुसता तंबोरा आवडतो ना? मग हे ऐक." तिकडे काही संगीतकार होते, त्यांनी सिम्फनीचा सगळा पसारा टाकून दिला होता. चार-पाच सुरांचा तुकडा घ्यायचा आणि तोच वाजवत राहायचा, त्यात इतका हळूहळू बदल करायचा की बदल झाला हे नंतर कळावं. त्यांच्यातले काही जण आपल्याकडे येऊन गेले होते, तंबोरा ऐकून गेले होते. आणि तिकडचे रॉकवाले त्यांच्या कार्यक्रमांना जाऊन बसत, हे लोक रॉकवाल्यांचे ॲम्प्लिफायर आणि इलेक्ट्रिक गिटार उचलून आणत, असं भाच्याने सांगितलं. मला तेव्हा त्यातलं फारसं काही कळलं नाही.

तो गेल्यावर मी पहिली कॅसेट लावली. थोड्या वेळाने मला वाटलं टेप अडकली. बंद केली, कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून हेड पुसलं, पुन्हा लावली. पुन्हा तेच. इतक्यात दारावर थाप पडली. वरच्या खोलीतला भाडेकरू होता.

"सर, तुमची कॅसेट अडकलीया."

"अडकलेली नाही. तसंच आहे ते."

"आसंच?" त्याने दारातच उभं राहून कान दिला. "आवं, पर ह्ये हाललं की आत्ता. मगाशी आसं नव्हतं."

तो बरोबर होता. बदल झाला होता आणि मी पुसापुशीच्या नादात तो ऐकला नव्हता. मी त्याला आत बोलावलं.

त्याला मी जिन्यात पाहिलेलं होतं. तिशीच्या अलीकडचा, जतकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. वडील अजून कळप घेऊन फिरायचे. हा सांगलीच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा, लग्नाला, गणपतीला, सिनेमाची गाणी. वर खोलीत मात्र त्याने पुण्याहून आणलेल्या रॉकच्या कॅसेट होत्या. त्या मला छतातून रोज ऐकू येत, म्हणजे त्यातले ढोल तेवढे ऐकू येत.

त्या संध्याकाळी त्याने कॅसेटची एक बाजू पूर्ण ऐकली. मग म्हणाला, "सर, आमच्याकडं गजी नाचाचा ढोल आसाच वाजतोय. घंटाघंटाभर एकच चाल. नवख्याला वाटतंय ह्येंना दुसरं येत न्हाई."

"मग बदलते कधी?"

"म्होरक्या रुमाल उडीवतो तवा. रुमाल हालल्याबिगार चाल बदलायची न्हाई. एकानं जरी आगाऊपना केला की नाचनारी पडत्यात एकमेकावर."

आठवड्याभराने तो जिना धडाधडा उतरत आला. हातात त्याची एक कॅसेट. "सर, ह्ये ऐका. ह्यो तुमचा मानूस हाय!" इंग्लंडमधल्या कुठल्या तरी रॉक ग्रुपचं गाणं होतं. सुरुवातीला ऑर्गनचा एक छोटा तुकडा गरगर फिरत होता, त्याच्यावर मग ढोल आणि गिटार कोसळले. फिरणं अगदी भाच्याच्या कॅसेटमधलं होतं. "म्हंजे बगा," तो तंबोऱ्याकडे बोट करत म्हणाला, "मिरजेचा भोपळा अमेरिकेला गेला, तितनं इंग्लंडात गेला, आन् गिटार हून जतला परत आला."

मी कित्येक दिवसांनी मोठ्याने हसलो. स्वतःचाच आवाज खोलीत अनोळखी वाटला.

मग त्या संध्याकाळी सुरू झाल्या. ऑर्केस्ट्राचं काम नसेल तेव्हा तो गिटार घेऊन खाली येई, मी तंबोरा काढी. माझ्या टेपरेकॉर्डरचा बेल्ट सैल झाला होता, तो जरा सावकाश चाले. मी तो बदलणारच होतो. त्याने मला अडवलं. ऑर्केस्ट्राच्या चांगल्या मशिनवर त्याने पाच सुरांचा एक तुकडा भरून आणला, कॅसेटची एक बाजू भरेल इतका, तोच तो. माझ्या मशिनवर लावला की तो थोडा सावकाश आणि किंचित खालच्या सुरात वाजे. त्या सुराला तो गिटार मिळवून घेई, मी तंबोरा मिळवी, आणि टेपमधल्या स्वतःबरोबर तो तोच तुकडा हाताने वाजवू लागे. पहिल्यांदा दोन्ही एक असत. मग टेप केसभर मागे पडे. मग थोडी अजून. दोन तुकडे एकमेकांपासून सुटत जात आणि मधल्या फटीत एक तिसरीच चाल ऐकू येई, जी कुणीच वाजवत नसे.

मी त्याला वहीच्या पाठीमागे आकडे मांडून दाखवलं की दोन्ही तुकडे पुन्हा केव्हा जुळतील. त्याने ते बघितलं आणि म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या सर. तुमी नुस्ता रुमाल हालवा." तेव्हापासून तसं ठरलं. तंबोरा छेडताना डावा हात मोकळा असतो. मी खिशातला पांढरा रुमाल गुडघ्यावर ठेवायचा, पुरेसं झालं असं कानाला वाटलं की उडवायचा. मग तो चाल बदलणार. केव्हा बदलायचं हे माझ्याकडे होतं. "तुमचा कान चांगला हाय," तो म्हणाला. त्याला गुरुजींचं वाक्य मी सांगितलेलं नव्हतं.

आम्ही त्या रचनेला नाव दिलं नाही. तो तिला 'आपलं ते' म्हणायचा.

मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात मोठ्या गायकाआधी स्थानिक कलावंताला थोडा वेळ द्यायची पद्धत होती. चिटणीस मीच, त्यामुळे त्या वर्षी मी त्याचं नाव घातलं. कार्यकारिणीत कुणीतरी म्हणालं, "गिटार?" मी म्हणालो, "बघा तर खरं." तेव्हा मी धीट होतो, कारण ते दोन महिने लांब होतं.

त्याने वडिलांना निरोप धाडला. वडिलांनी त्याचं वाजवणं कधी ऐकलं नव्हतं. लग्नातल्या गाण्यांना ते वाजवणं म्हणत नसत. "आबा म्हनत्यात, ढोल सोडून ही पेटी कशाला उचललीस," तो मला सांगायचा. "ह्ये ऐकलं तर कळंल त्यास्नी. ह्ये आपल्यातलंच हाय." त्या दिवशी त्याला तेवढंच हवं होतं. वडिलांना कळावं.

कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये, संध्याकाळी होता. वडील जतहून दुपारच्या एसटीने आले. लाल पटका, खांद्यावर घोंगडं. मी त्यांना पुढे बसा म्हणालो तर म्हणाले, "नगो. हितंच बरं हाय," आणि दारापाशी शेवटच्या रांगेत बसले. मी आत ग्रीनरूममध्ये तंबोरा मिळवत होतो. खोलीतला माझा टेपरेकॉर्डर चालू होता, तो शेजारी गिटार त्या सुराला आणत होता. दोघांचं छान जुळलं होतं.

तेवढ्यात गुरुजी आत आले. त्यांना मी आमंत्रण पाठवलं होतं, दरवर्षी पाठवायचो, ते कधी येत नसत. त्या वर्षी आले. वय झालं होतं, काठी होती, तरी डोळे तेच. त्यांनी आधी मला पाहिलं, मग त्याची लाल गिटार, मग पुन्हा मला.

"वा, तंबोरा काढलास? कुणाच्या मागे बसतोयस?"

मी म्हणालो, "कुणाच्या नाही. नंतर गाणारे बसतील, त्यांच्यासाठी जुळवून ठेवतोय."

गुरुजी मान हलवून बाहेर गेले आणि पहिल्या रांगेत बसले. मी तंबोऱ्याला गवसणी घातली. त्याने सगळं ऐकलं होतं. तो एवढंच म्हणाला, "सर, तंबोरा?"

"तू सुरू कर. मी येतोच."

हे शब्द मी उच्चारले. ते तसेच लिहितो आहे.

तो स्टेजवर गेला, टेप लावली आणि वाजवू लागला. मी तंबोरा घेऊन विंगेत पडद्यापाशी उभा राहिलो, म्हणजे तिथून मला तो दिसत होता आणि गुरुजींना मी दिसत नव्हतो.

आमच्याकडचे श्रोते फार सुसंस्कृत. कलावंत वाद्य लावत असला तर ते कुरकुरत नाहीत. सूर नीट लागल्याशिवाय गाणं नाही हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. त्यामुळे पाच सूर, पुन्हा तेच पाच सूर ऐकू येऊ लागल्यावर लोकांनी अदबीने आपसात बोलायला सुरुवात केली. पानाचे डबे उघडले. कुणी मुलीच्या स्थळाचं विचारलं, कुणी धरणाच्या पाण्याचं. बराच वेळ असा गेला. मग पुढच्या रांगेतून हळू आवाजात कुणीतरी म्हणालं, "तार उतरतीये वाटतं सारखी."

"विजेचं वाद्य. तापायला वेळ लागत असेल."

"मिरजेहून कुणाला बोलावून घ्या हो, लावून देईल."

दबकं हसू फुटलं. तो वाजवत होता. टेप मागे पडून पुरती एक फेरी झाली होती, तुकडे सुटून पुन्हा जुळले होते, पुन्हा सुटायला लागले होते. चाल बदलायची वेळ कधीच होऊन गेली होती. तो मान वळवून विंगेकडे बघत होता. त्याच्या हाताला काही येत नव्हतं म्हणून तो थांबला नव्हता. रुमाल हलल्याशिवाय चाल बदलायची नाही, म्हणून तो त्याच चालीवर उभा होता. तंबोरा माझ्या शेजारी भिंतीला टेकलेला होता. चार पावलं चालायचं होतं.

मला घाम आला. विंगेत ॲम्प्लिफायरचं बटण होतं. मी ते बंद केलं.

मग माइकवर जाऊन मी म्हणालो, "तांत्रिक बिघाडामुळे आपण इथेच थांबतो आहोत." गुरुजी शेजाऱ्याकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "लावायलाच एवढा वेळ, तर वाजवायला किती लागेल?" हॉल हसला. माइक माझ्या तोंडासमोर होता, त्यामुळे माझं हसू सगळ्यांत मोठ्याने ऐकू गेलं.

त्याने गिटार खोळीत घातली आणि मागच्या दाराने निघून गेला. मी त्याच्या वडिलांना गाठायला बाहेर आलो, काहीतरी सांगायला हवं होतं. ते दारात घोंगडं झटकत उभे होते.

"चांगलं चाललं हुतं की," ते म्हणाले. "मधीच का बंद पडलं?"

"लाइट गेली," मी म्हणालो.

त्यांनी वर बघितलं. हॉलमधले सगळे पंखे फिरत होते. त्यांनी घोंगडं खांद्यावर टाकलं. "बरं, येतो," म्हणून स्टँडच्या दिशेने चालू लागले.

पुढचे आठ-दहा दिवस छतातून ढोल ऐकू आले नाहीत. जिन्यात भेटला की तो "नमस्कार सर" म्हणायचा आणि मी "काय, बरं आहे ना?" म्हणायचो. समजावून सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून मी किस्सा सांगायला लागलो. आधी स्टाफरूममध्ये, मग मंडळात. लोक विचारण्याआधी आपणच सांगितलेलं बरं, असं काहीतरी मनात असावं. सांगता सांगता तो छान होत गेला. खुंटी पिळायचा हात मी नंतर घातला. सांगली केवढी असते? किस्सा ऑर्केस्ट्रापर्यंत पोहोचला. एका लग्नाच्या मांडवात मी स्वतः ऐकलं, ड्रमवाला त्याला ओरडून म्हणत होता, "ए ट्युनिंग, झालं का लावून? नवरी म्हातारी होईल की रं!" तो मान खाली घालून तारा बघत होता. मी बुंदीचं ताट घेऊन दुसऱ्या बाजूला सरकलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याने खोली सोडली.

साताऱ्याला मी बायकोलाही किस्सा सांगितला होता. तिने भाजी निवडताना सगळा ऐकून घेतला आणि विचारलं, "पण तुम्ही बसणार होता ना त्याच्याबरोबर?" मी म्हणालो, "ऐनवेळी जमलं नाही." तिने भाजीची पुढची जुडी सोडली. तिच्यासमोर मी तो पुन्हा कधी सांगितला नाही. आता ती नाही, आणि हे वाचून हं म्हणणारंही घरात कुणी नाही.

त्याला मी नंतर एकदाच भेटलो. दोन-तीन वर्षांनी परीक्षेच्या कामाला जतला गेलो होतो. उन्हाळा होता. स्टँडसमोर पाण्याचा टँकर उभा होता आणि तो टपावर बसून पाइप धरून होता. मला बघून खाली उतरला, पाया पडला, चहा सांगितला. टँकर त्याच्या चुलतभावाचा, चालवायचा हा. गिटार ऑर्केस्ट्रातल्याच एकाला देऊन टाकली होती. वडील बरे होते. मी पावसाचं विचारलं, मेंढरांचं विचारलं. माझी गाडी लागली तेव्हा तो म्हणाला, "सर, एक इचारू?"

"विचार की."

"त्या दिशी तुमी पडद्यापाशी हुता न्हवं?"

"हो."

"मला दिसत हुता. मला वाटलं तितनंच करताय खूण. मग तुमी खिशातनं रुमाल काढला." त्याने ग्लास खाली ठेवला. "मी म्हनलं, आता. पर तुमी त्वांड पुसलं."

कंडक्टरने घंटा मारली. मी म्हणालो, "चल, गाडी सुटते आहे." खिडकीतून पाहिलं तर तो पुन्हा टपावर चढत होता. सांगलीपर्यंत रस्त्याला झाड नव्हतं. मी सगळा वेळ रुमाल मुठीत धरून बसलो होतो.

स्मरणिकेच्या संपादकांना विनंती आहे की त्यांनी हे छापावं, किस्सा म्हणून नको. आणि त्या संध्याकाळी हॉलमध्ये असलेले जे कुणी आज हयात आहेत, त्यांनी जे ऐकलं ती सुरुवात होती. त्यापुढे काय होतं ते आता आम्हा दोघांनाच सांगता येण्यासारखं आहे, त्याला विचारलं तर तो कदाचित सांगेल, पण त्याने का सांगावं?

पुढे असं होतं. पहिल्या रुमालाला तो पाचातला शेवटचा सूर सोडून द्यायचा. टेपमध्ये पाच, हातात चार. ऐकणाऱ्याला वाटायचं जमीन जरा कलली. दुसऱ्या रुमालाला तो पायाखालचा पेडल दाबायचा आणि तेच चार सूर एकदम खरखरीत, भरून वाहणारे होत, रॉकमध्ये होतात तसे. "मेंढरं वाड्यात शिरत्यात तवा आसा आवाज हुतो," तो म्हणायचा. त्याला वडिलांना हीच जागा ऐकवायची होती. खोलीत पेडल दाबला की खिडकीची काच थरथरायची आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसायचो. तिसऱ्या रुमालाला पेडल सुटायचा, टेप बंद व्हायची, आणि तो एकच सूर धरून बसायचा. तिहाई नाही, समेवर येणं नाही. तो सूर विरत गेला की गिटार गप्प. त्यानंतर थोडा वेळ नुसता तंबोरा वाजायचा होता.

तो मी वाजवायचा होता.